आप्पांची गरी आणि केनेट नदी : इंग्लंडमध्ये नदीवर मासे गरवायला जायचं तर

आईवडील इंग्लंडला आले की पहिले दोन-तीन आठवडे भुर्रकन जातात. लंडन होतं, विंडसर होतं, बाथ होतं. मग आपली ऑफिसं, मुलांच्या शाळा आणि ती दोघं घरात. आईचं एक बरं असतं, ती स्वयंपाकघर ताब्यात घेते. वडिलांचा दिवस कसा जायचा, हा प्रश्न माझ्या ओळखीतल्या बहुतेक मराठी घरांत मी ऐकला आहे. आमच्या आप्पांचं उत्तर मला आधीपासून ठाऊक होतं. ते चिपळूणचे, वाशिष्ठीच्या काठचे. एस.टी.त चालक म्हणून सगळी नोकरी झाली, पण सुट्टी मिळाली की माणूस गरी घेऊन नदीवर. त्यांना इथल्या नदीवर न्यायचंच, हे मी त्यांचं विमानाचं तिकीट काढतानाच ठरवलं होतं. तो दिवस उगवला २२ जून २०२४ ला, शनिवारी. त्याआधीचे कित्येक आठवडे लायसन्स, परवानगी आणि नियम समजून घेण्यात गेले. मराठीत यावर काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आई-आप्पा ९ मेला आले. त्याच रविवारी आम्ही रेडिंगमध्ये कॅव्हरशमच्या पुलावर फिरायला गेलो. आप्पा कठड्याला हात टेकून थेम्सकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाय, येवढी मोठी नदी, आणि काठावर एक माणूस गरवायला बसलेला नाही?"

त्याचं कारण बंदीचा काळ. इंग्लंडमधल्या नद्या आणि ओढ्यांवर रोच, चब, बार्बेल, पर्च, ब्रीम, पाईक असे गोड्या पाण्यातले मासे धरायला १५ मार्च ते १५ जून, हे दोन्ही दिवस धरून, मनाई असते. (सामन आणि ट्राउटच्या तारखा वेगळ्या.) हा अंडी घालायचा काळ. १६ जूनला हंगाम उघडतो आणि हौशी मंडळी १५ तारखेच्या मध्यरात्री बाराच्या ठोक्याला पाण्यात गळ टाकायला काठावर बसलेली असतात. बहुतेक तळी आणि कालवे यांना ही सरकारी बंदी नाही, पण जागेच्या मालकाने स्वतःची घातलेली असू शकते, तेव्हा आधी विचारावं.

मला वाटलं होतं आप्पांचा हिरमोड होईल. पण आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते, ते त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं आहे, त्यामुळे त्यांना हे एका वाक्यात पटलं. उलट ते चढणीच्या माशांवर बोलायला लागले. मृगाचा पहिला पाऊस झाला की मासे खाडीतून, नदीतून वर, पार शेतातल्या वहाळांपर्यंत चढतात आणि गावंच्या गावं टोपल्या घेऊन धावतात. "पोटात गाबोळी भरलेली असते गो त्यांच्या. आम्ही पण लय मारले. हे लोक थांबतात, ते चांगलं करतात." महिनाभर थांबायची तयारी त्यांनीच दाखवली. तो महिना मी कागदपत्रांना लावला.

पहिली गोष्ट, लायसन्स. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात गळाने मासे धरायचे तर एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचं, म्हणजे सरकारी पर्यावरण संस्थेचं, 'रॉड लायसन्स' लागतं. पाहुणा असो की इथला नागरिक, नियम एकच. १३ वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही. १३ ते १६ वर्षांच्या मुलांना ते फुकट मिळतं, पण काढावं मात्र लागतं. 'फुकट आहे' म्हणजे 'नको' असं नाही. माझा मुलगा ११ वर्षांचा, त्यामुळे तो मोकळा. विनालायसन्स सापडलं तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

लायसन्स सरकारच्या गव्ह-डॉट-यूके या साइटवर पाच-दहा मिनिटांत निघतं. नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल किंवा मोबाईल, कोणत्या माशांसाठी, किती रॉड आणि कधीपासून, एवढंच विचारतात. दुसऱ्या माणसासाठी काढता येतं, त्यामुळे आप्पांचं मीच काढलं, पत्ता आमच्या घरचा दिला. दोन रॉडपर्यंतचं साधं लायसन्स (सामन सोडून) २०२४ मध्ये एक दिवसाचं ७.१० पौंड, आठ दिवसांचं १४.२०, वर्षाचं ३५.८० होतं. एक दिवसाचं म्हणजे आपण निवडलेल्या वेळेपासून चोवीस तास. आता बघा, आठ दिवसांचं बरोबर दोन दिवसांच्या किमतीत पडत होतं. पावसाने दिवस फुकट गेला तर पुन्हा जायची सोय राहावी म्हणून आप्पांसाठी मी २२ जूनपासूनचं आठ दिवसांचं घेतलं. स्वतःसाठी वर्षाचं. ते घेतल्या दिवसापासून बारा महिने चालतं, त्यामुळे वर्ष कधी सुरू होतं याची चिंता नाही. दोन्ही मिळून बरोबर ५० पौंड. लगेच ईमेलवर क्रमांक येतो, तो फोनमध्ये ठेवायचा. एक सावधगिरी सांगते. सर्च केल्यावर सरकारी वाटाव्यात अशा काही खासगी साइट वर येतात आणि जास्तीचे पैसे घेतात. पत्त्याच्या पट्टीत गव्ह-डॉट-यूके दिसतंय ना, ते बघूनच कार्ड काढा.

आप्पांनी १४.२० पौंडांचे रुपये करून घेतले. दीड हजार. "आणि ते पैसे जातात कुठं?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. ते नद्यांच्या आणि माशांच्या कामावर खर्च होतात. नॉटिंगहॅमशरमध्ये कॅल्व्हर्टनला एजन्सीचं मत्स्यबीज केंद्र आहे, तिथे बार्बेल, चब, रोच, डेस वाढवून नद्यांत सोडतात. हे ऐकल्यावर दीड हजारांचा विषय मिटला.

दुसरी गोष्ट जास्त किचकट, आणि नवखा माणूस इथेच अडतो. लायसन्स मिळालं म्हणजे कुठेही बसून मासे धरायचा हक्क मिळाला, असं नाही. इथे नदीच्या काठाची जमीन ज्याची, मासेमारीचा हक्क बहुधा त्याचा. तो मालक हक्क एखाद्या अँगलिंग क्लबला भाड्याने देतो. म्हणजे सरकारी लायसन्स वेगळं आणि त्या पट्ट्याची परवानगी वेगळी. लंडनमधल्या टेडिंग्टनच्या खाली, जिथे थेम्सला भरती-ओहोटी लागते, तिथे सगळ्यांना मासेमारीचा हक्क आहे. लायसन्स मात्र तिथेही हवं. आमच्यापासून ते लांब पडत होतं आणि आप्पांना बघायची होती लहान, वाहती, दगडगोट्यांची नदी.

मी केनेट निवडली. विल्टशरच्या खडूच्या टेकड्यांत उगम, रेडिंगमध्ये थेम्सला संगम. खडूतून झिरपून आलेलं पाणी असल्याने ती वर्षभर बऱ्यापैकी सारखी आणि स्वच्छ वाहते. एका क्लबने ईमेलला उत्तर दिलं नाही. दुसऱ्याकडे फक्त सभासदांना प्रवेश आणि सभासद व्हायला प्रतीक्षायादी. मग एका क्लबच्या पट्ट्याचं दिवसाचं तिकीट मिळालं, मोठ्यांना १५ पौंड, मोठ्यांसोबतच्या मुलाला फुकट. दिवसाला ठरावीकच माणसं घेतात, त्यामुळे हंगामाच्या पहिल्या दिवसाचं, १६ जूनच्या रविवारचं, सगळं भरलेलं होतं. २२ जूनचं मी मेच्या शेवटालाच घेऊन टाकलं. तुम्हीही जूनमध्ये जाणार असाल तर महिनाभर आधी बघा. नाहीतर आठवड्यातला मधला दिवस पकडा.

तिकिटासोबत क्लबचे नियम आले. मी जेवणाच्या टेबलावर बसून ते मराठीत आप्पांना वाचून दाखवले. गळाच्या टोकाला उलटा काटा नको, म्हणजे 'बार्बलेस' गळ. बिनगाठीच्या मऊ जाळीचं हातजाळं हवं. मासा जमिनीवर ठेवायचा नाही, ओल्या गादीवर ठेवायचा. रॉड टाकून लांब जायचं नाही. जाळी आणि गादी पूर्ण सुकलेली आणायची, एका पाण्यातला रोग किंवा जीव दुसऱ्या पाण्यात जाऊ नये म्हणून. आणि शेवटचा नियम : धरलेला प्रत्येक मासा जिवंत परत सोडायचा.

देशाचा कायदा खरं तर याहून थोडा सैल आहे. नदीतून दिवसाला २० सेंटिमीटरपर्यंतचे १५ छोटे मासे, ६५ सेंटिमीटरपर्यंतचा एक पाईक आणि ३० ते ३८ सेंटिमीटरचे दोन ग्रेलिंग नेता येतात, तेही मालकाची परवानगी असेल तर. बहुतेक क्लब ती देत नाहीत. आणि वाम, म्हणजे ईल, गळाला लागली तर ती सोडायचीच, तिथे कोणतीही सवलत नाही. युरोपातली वाम आता नामशेष होण्याच्या काठावर आहे.

आप्पा ऐकत होते. वामेचं ऐकून त्यांनी मान हलवली. मग काहीच बोलले नाहीत, ताट उचललं आणि उठले. मला कळलं की त्यांना हे जड जातंय. त्यांच्या लेखी मासा गरवणं म्हणजे घरी कालवण नेणं. लहानपणी त्यांच्या वायरच्या पिशवीकडे आम्हा भावंडांचे डोळे लागलेले असायचे, ते त्यांनाही ठाऊक होतं. खेळ म्हणून जिवाला गळ टोचायचा आणि परत सोडायचा, हे त्यांना पटेना, आणि त्यांच्या त्या न पटण्यात तथ्य आहे असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी आपणहून विषय काढला. "वाळणकोंडीला आपण गेलो होतो, आठवतं?" महाड तालुक्यात काळ नदीवरचा तो डोह. वरदायिनीच्या देवळामुळे तिथले मासे कोणी मारत नाही. लोक लाह्या, तांदूळ टाकतात आणि हातभर लांबीचे महाशीर वर येऊन ते खातात. "तिथं आपण मासे बघायलाच गेलो होतो ना. मग हे पण तसंच म्हणायचं. बघायचा, हात लावायचा, सोडायचा." तिथून पुढे त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही.

सामानाचं सांगते. दुकानात शिरलं की शंभर-दोनशे पौंड सहज उडतात, म्हणून आधी कोणाकडे मागून बघा. माझ्या ऑफिसातले साठीचे एक सहकारी लहानपणापासून बार्बेलच्या मागे आहेत. त्यांनी बारा फुटी दोन रॉड, रीळ, हातजाळं आणि गादी आनंदाने दिली. मी विकत घेतलं ते गळ, दहा पौंडी तंगूस, शिसं, चिमट्यासारखी गळ काढायची कात्री, भांगेच्या बियांचा डबा, मॅगट (माशीच्या अळ्या) आणि लंचन मीटचा, म्हणजे शिजवलेल्या मांसाचा, डबा. सगळं ३८ पौंडांत. बार्बेलला लंचन मीटचे चौकोनी तुकडे फार आवडतात, ही इथली जुनी माहिती. एक आवर्जून घ्यावी अशी वस्तू म्हणजे पोलराइज्ड गॉगल. पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो.

मुलासाठी मेच्या सुट्टीत कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचं 'लेट्स फिश' शिकवणीचं सत्र मिळालं. ते फुकट असतं, रॉड-गळ तेच देतात, प्रशिक्षक शेजारी उभं राहून शिकवतात. मीही बाजूला उभी राहून रीळ कशी धरायची ते शिकून घेतलं. आप्पांनी उभ्या आयुष्यात रीळ वापरली नव्हती. वेळूची काठी, तंगूस, किंवा नुसती हातगरी, एवढ्यावर त्यांचं सगळं झालेलं. आम्ही मागच्या अंगणात गळाऐवजी नुसतं शिसं बांधून फेकायचा सराव केला. पहिल्याच संध्याकाळी ते अंगणाच्या कोपऱ्यातल्या बादलीजवळ शिसं नेमकं टाकू लागले.

२१ जूनला वटपौर्णिमा होती. आईचा उपास. संध्याकाळी तिने फराळाचं आवरल्यावर आप्पांनी ओट्याचा ताबा घेतला आणि कणीक मळायला बसले. पाकिटातल्या तयार आमिषाच्या गोळ्यांपेक्षा आणि डब्यातल्या मांसापेक्षा त्यांचा विश्वास कणकेवर. मी सुचवलं की इथे चबसाठी लोक चीज घालून पेस्ट करतात, तर त्यांनी चेडर किसून मागितलं. गव्हाचं पीठ, मूठभर चेडर, चिमूटभर हळद, तेलाचं बोट. पाणी अगदी थोडं. गोळा इतका मळला की बोटाला चिकटेना आणि दाबला तर फुटेना. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. क्लबच्या नियमांत पेस्ट चालते, ते मी आधी पाहून ठेवलं होतं. काही ठिकाणी आमिषांवरही बंधनं असतात.

सकाळी साडेपाचला निघालो. ए-फोर रस्त्याने न्यूबरीच्या दिशेने, मग शेतातून जाणारी अरुंद वाट. फाटक उघडून गाडी आत, फाटक परत लावलं, कारण कुरणात गाई. गवतावर दव इतकं की गुडघ्यापर्यंत भिजलो. गमबूट हवेतच, आणि लांब बाह्यांचा शर्टही, कारण काठावर नेटलची झाडं असतात, पान लागलं तर तासभर आग होते.

काठावर एक पाटी होती. वरून विजेच्या तारा जातात तिथे बसू नका (कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते), आणि पाण्यात हात घातल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नका, उंदरांच्या मुतातून वाइल्स डिसीज होतो. मी आप्पांना समजावायला लागले तर ते म्हणाले, "म्हणजे लेप्टो." कोकणातल्या माणसाला लेप्टोबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. साबण आणि पाण्याची बाटली आम्ही आणलीच होती.

मी रॉड जोडायला घेतले. आप्पांनी मात्र कशाला हात लावला नाही. गॉगल लावला आणि काठाकाठाने चालत गेले, सावकाश, पाण्यापासून दोन पावलं मागे राहून. माझा मुलगा त्यांच्या मागोमाग. मध्येच ते त्याचा खांदा दाबून खाली बसवत. "सावली पाण्यावर पाडायची नाय बाळा. आपल्याला तो दिसायच्या आधी आपण त्याला दिसतो." चांगला अर्धा तास हे चाललं. केनेटचं पाणी त्या दिवशी काचेसारखं होतं. तळाला गारगोट्या, मध्ये लांबलचक हिरवं शेवाळवेल पाण्याच्या ओढीने डोलणारं, त्यावर पांढरी बारीक फुलं. आप्पांना विचार पडला होता तो भरती-ओहोटीचा. पौर्णिमेच्या आसपास दाभोळची खाडी उधाणाने फुगते आणि तिचं पाणी आत किती चढतं, यावर त्यांचं गरवण्याचं सगळं गणित. वाशिष्ठीत शिवाय कोयनेच्या वीजघरांचं पाणी येतं, ते सुटलं की नदी चढते. इथे यातलं काही नाही, पाणी दिवसभर एका पातळीत, हे त्यांनी काठीने खूण करून दोनदा तपासलं आणि मगच मानलं.

परत आले ते जागा ठरवूनच. वळणावर एक वाकलेलं विलोचं झाड, त्याखाली सावलीत काळ्या पाठीचे तीन-चार मासे एका जागी उभे. ते चब. पण आधी नातवाला बसवलं, जरा वर, उथळ धारेत, मॅगट लावून. वीसेक मिनिटांत त्याला डेस लागला, वीतभरही नसेल, चांदीच्या पत्र्यासारखा. हात ओले करून धरायचा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. मुलाने ते बरोबर केलं. सोडताना त्याने माझ्याकडे नाही, आजोबांकडे पाहिलं.

मग आप्पा. शिसं नाही, तरंगतं बूच नाही, नुसत्या तंगुसाला गळ आणि त्यावर सुपारीएवढा कणकेचा गोळा. वरच्या अंगाला टाकला आणि पाण्याला नेऊ दिला. गोळा पिवळसर, तळावरून हळूहळू घरंगळत विलोच्या सावलीत जाताना मला गॉगलमधून दिसत होता. पहिल्या खेपेला चबने बघितलं आणि बाजूला झाला. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेआधी आप्पांनी गोळा अर्ध्याहून लहान केला. सावलीतून एक मासा पुढे आला, पांढरं रुंद तोंड उघडलं आणि गोळा गेला. आप्पांनी मनगट उचललं. रॉड वाकला, चबने सरळ मुळांकडे धाव घेतली, आणि आप्पा रीळ विसरून डाव्या हाताने तंगूस खेचू लागले, हातगरीसारखं. मी काही बोलले नाही, जाळं घेऊन खाली उतरले. मासा जाळ्यात आला. तीनेक पौंडाचा असावा, पितळी खवले एकेक मोजता यावेत असे. गळ ओठाला होता, काटा नसल्याने बोटाने निघाला.

याच वेळी क्लबचे बेलिफ आले, म्हणजे काठावर फिरून तिकिटं तपासणारे स्वयंसेवक. तिकीट आणि दोघांची लायसन्सं फोनवर दाखवली, दोन मिनिटांत झालं. एजन्सीचे अधिकारीही असे येऊ शकतात. फोनची बॅटरी भरलेली ठेवा, शक्य तर लायसन्सची प्रत छापून खिशात ठेवा. बेलिफांनी विचारलं, कशावर लागला. आप्पांनी फडकं उघडून गोळा पुढे केला. त्यांनी चिमूटभर घेऊन नाकाशी नेला, बोटांत मळून बघितला आणि हळद का, ते विचारलं. मी आप्पांना विचारून सांगितलं : रंगासाठी, पाण्यात लांबून दिसतो. त्यांनी मान डोलावली आणि आम्हाला खालच्या वळणावरची एक खोल जागा दाखवली. बार्बेल तिथे असतात, पण ऊन उतरल्यावर जा म्हणाले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी पुढची दहा मिनिटं ते पाण्याकडे बोट दाखवून बोलत होते.

दुपार निवांत गेली. तांदळाची भाकरी, लसणाची चटणी, कांदा. मासे तोंड लावत नव्हते, आमिष मात्र कुरतडलं जात होतं. ते सिग्नल क्रेफिशचं काम. अमेरिकेतून आणलेला हा कवचवाला जीव इथल्या नद्यांत फार माजला आहे, काठ पोखरतो, इथला मूळचा क्रेफिश त्याने जवळपास संपवला. दिसायला लहान शेवंड. आप्पांनी अर्थातच विचारलं की खातात का. खातात, पण पिंजरा लावून धरायला एजन्सीची वेगळी परवानगी लागते, आणि आमिष म्हणून वापरायला बंदी आहे.

सहानंतर खालच्या वळणावर गेलो. जूनअखेर इथे साडेनऊला सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळ हाताशी भरपूर असते. यावेळी लंचन मीट आणि शिसं, थेट तळाला. आप्पांनी रॉड स्टँडवर ठेवला नाही. मांडीवर घेतला आणि रिळेपुढची तंगूस तर्जनीवर अलगद धरून बसले. इथले जुने बार्बेलवाले असंच बोटावर दोरी धरून बसतात, हे मला नंतर सहकाऱ्यांकडून कळलं. आप्पांना कोणी शिकवलेलं नव्हतं. ते डोळे मिटून होते. मध्येच म्हणत, "शेवाळ घासतंय." "आता क्रेफिश." आठच्या सुमारास त्यांनी डोळे उघडले. काही म्हणाले नाहीत. मी बोटाकडे पाहिलं तर तंगूस दोनदा हलकेच थरथरली आणि मग रॉड एकदम खाली ओढला गेला.

बार्बेलची ओढ मी ऐकून होते, पाहिली पहिल्यांदाच. तो वर येतच नाही, तळाला चिकटून प्रवाहाविरुद्ध जात राहतो. रिळेचा ड्रॅग, म्हणजे तंगूस सुटू देणारा ताण, सैल ठेवला होता म्हणून तंगूस टिकली. आप्पांनी या खेपेला हाताने खेचलं नाही, त्याला पळू दिलं आणि थांबला की दोन वेढे घेतले. माझा मुलगा जाळं धरून पाण्याच्या कडेला बसला होता, हात कापत होते, पण जाळं पाण्याबाहेर काढलं नाही. मासा त्यावर आल्यावरच उचललं.

गादी आधीच भिजवून ठेवली होती. साडेपाच पौंड भरला, म्हणजे अडीच किलो. खालच्या बाजूला तोंड, ओठांना चार मिशा, अंग फिकट सोनेरी, पर नारिंगी. आप्पा गुडघे टेकून बघत राहिले. "हा महाशीराच्याच घरातला दिसतोय." बरोबर होतं, दोन्ही कार्पच्या कुळातले. एक फोटो घेतला आणि लगेच पाण्यात.

हे नीट वाचा, कारण इथे घाई केली तर मासा मरतो. बार्बेल जीव तोडून झुंजतो आणि पार थकतो. त्याला नुसता टाकून द्यायचा नाही. दोन्ही हातांनी पोटाखाली आधार देऊन, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरून ठेवायचा, कल्ल्यांतून पाणी वाहू द्यायचं, स्वतःच्या जोराने सुटेपर्यंत. आप्पा काठावरच्या उथळ पाण्यात उतरले आणि तसे वाकून उभे राहिले. पाचेक मिनिटं गेली. त्यांची कंबर दुखते, मी पुढे झाले तर त्यांनी मानेने नको म्हटलं. माशाचे कल्ले आधी भरभर, मग संथ हलू लागले. शेपटीचा एक फटका बसला आणि तो खोल पाण्यात गेला. आप्पा सरळ झाले, पँट कमरेपर्यंत भिजलेली, आणि नातवाला म्हणाले, "पुढच्या खेपेला तू धर."

घरी पोचायला दहा वाजले. आईने दुकानातली सुरमई आणून कालवण करून ठेवलं होतं. आप्पा जेवताना आईला बार्बेलचं सांगत होते आणि लांबी दाखवायला दोन्ही हात ताटावरून पसरत होते. दुसऱ्या दिवशी जाळं, गादी, बूट धुऊन उन्हात कडकडीत वाळवले आणि मगच परत दिले.

एकूण खर्च लायसन्सांचे ५०, तिकिटांचे ३०, सामानाचे ३८ आणि पेट्रोल. यातलं वर्षाचं लायसन्स आणि बरंच सामान पुढेही चालेल. फक्त एक दिवसच जायचं असेल आणि रॉड उसने मिळाले, तर या दरांत दोघांचं मिळून, पेट्रोल सोडून, ऐंशी-पंच्याऐंशी पौंडांत होतं. ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर येणार आहेत त्यांनीही निराश होऊ नये, नदीचा हंगाम १४ मार्चपर्यंत चालतो आणि चब थंडीतही खातो. फक्त दिवस लहान असतो, गरम कपडे आणि थर्मास जास्त लागतात.

आप्पांचा मुक्काम ऑक्टोबरअखेरपर्यंत आहे. ऑगस्टमधलं एका बुधवारचं तिकीट मी काढून ठेवलं आहे, त्यांचं आठ दिवसांचं नवं लायसन्स त्या आठवड्यात घेईन. कणकेत या वेळी हळदीबरोबर थोडा हिंग घालून बघायचा, असं त्यांनी ठरवलं आहे.